ओट्याची जागा

रंजिता थूल पंचेचाळीस वर्षांची झाली तरी स्वतःच्या मनाने काही निवडायची पाळी तिच्यावर आलीच नव्हती. वडनेरला आई-वडील दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचे. बारावीनंतर पोरीला नर्सिंगला टाकायचं, हे मामाने ठरवलं. लग्नाची साडी नणंदेने आणली. लग्नानंतरची सतरा वर्षं सावंगीला, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथला ओटा कोण्या बुटक्या माणसाने स्वतःच्या मापाने बांधलेला असावा. रंजिता चांगली उंच. पोळ्या लाटताना इतकं वाकावं लागे की पाठीतून कळ निघायची. पण तिने कधी कुरकुर केली नाही. मिळालं ते आपलं म्हणायचं आणि पुढे जायचं, असा स्वभाव.

मागच्या वर्षी त्यांनी सावंगीतच, रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एक जुनं घर विकत घेतलं. मधुकरराव नावाचे रिटायर गृहस्थ नागपूरला मुलाकडे राहायला चालले होते, त्यांचं. घर धडधाकट होतं, फक्त स्वयंपाकघर अंधारं आणि जुनाट. रंजिताचा नवरा किशोर जिल्हा परिषदेत लिपिक. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाकी घराचं मी पाहतो. स्वयंपाकघर तुझं. मी एका शब्दानं मधात बोलणार नाई."

रंजिताला ते ऐकून क्षणभर भीतीच वाटली. मग हळूहळू गोडी लागली. दिवाळीनंतर तिने पंधरा दिवसांची रजा टाकली. वॉर्डातल्या पोरींना वाटलं, मॅडम कुठे फिरायला चालल्या. मॅडम रोज सकाळी स्कुटी काढून वर्ध्याला जायच्या आणि दुकानात टाइलवर हात फिरवत तासन् तास उभ्या राहायच्या. ग्रॅनाइटच्या यार्डात उभ्या पाट्यांवर पाणी मारून पाहायच्या, कारण ओला दगड खरा रंग दाखवतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. रंगाचं कार्ड तर पर्समध्येच असे. किशोर जेवताना ती कार्ड पसरून बसायची आणि तो कबूल केल्याप्रमाणे एका शब्दाने मध्ये बोलायचा नाही.

शेवटी तिने एका रंगावर पेनाने खूण केली. निळा, पण आकाशाचा नव्हे. जवसाच्या फुलाचा. लहानपणी आईबरोबर वावरात गेलं की थंडीच्या सकाळी जो दिसायचा आणि दुपारी ऊन चढलं की गळून पडायचा, तो.

काम खुशाल मिस्त्रीला दिलं होतं. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी, तोंडात तंबाखूचा खर्रा जास्त. तोडायला लागण्याच्या आधी त्याने एकदा सुचवून पाहिलं, "मॅडम, शेगडी पूर्वेले घ्या. सगळे तसंच करतात."

"आमच्या घरी ते कोणी पाहत नाई," रंजिता म्हणाली. "मले पश्चिमेच्या भिंतीले पाह्यजे."

"तिकडं खिडकी नाई. धूर कुठं जाईन?"

"चिमणी बसवू ना."

"पण काऊन? कोरी भिंत हाय ते."

रंजिताला कारण सांगता येईना. "तिथं उभं राह्यलं की बरं वाटते," एवढंच ती म्हणाली. मुलगी आचल अकरावीत होती. तिच्या ग्राफच्या वहीत रंजिताने नकाशा काढला होता. पश्चिमेच्या भिंतीला लागून सव्वाचार फूट ओटा, मग उत्तरेला वळण. उंचीसाठी तिने खुशालला स्वतःच्या कोपराचं माप घ्यायला लावलं. चार बोटं सोडून छत्तीस इंच आलं. "लई उंच होते," खुशाल म्हणाला. "लोकं बत्तीस, लई झालं तं तेहतीस करतात." रंजिता म्हणाली, "मीच उंच आहो ना. छत्तीसच करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत खरवडणं चालू असताना खुशालने हाक मारली.

"मॅडम, इकडं या बरं जरा. तुमचा रंग निघाला."

"माझा रंग?"

वरचा पांढरा थर निघाला होता, त्याखाली बदामी, आणि बदामीच्या खाली हातभर जागेत निळा. रंजिताने पर्समधून कार्ड काढलं आणि खूण केलेला चौकोन भिंतीला लावला. कार्डाची कड नसती तर कार्ड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळलं नसतं.

"आता बोला," खुशाल हसला. तीही हसली. संध्याकाळी किशोरला तिने गंमत म्हणून सांगितलं. तोही हसला.

तिसऱ्या दिवशी फरशी उखडली. खाली जुना कोबा होता आणि कोब्यावर सिमेंटची एक रेघ, पूर्वी कधी ओट्याची भिंत उभी होती तिची. मधुकररावांचा ओटा तर पूर्वेला होता, तो परवाच तोडला. ही रेघ पश्चिमेला. खुशालने टेप लावला. सव्वाचार फुटांवर रेघ उत्तरेला वळली होती. मग त्याने भिंतीवरचा निळा आणखी खरवडला. ओट्याची पाटी जिथे भिंतीत बसली होती तिथे आडवा वण होता. तळापासून वणापर्यंत त्याने टेप धरला आणि तो तसाच धरून राहिला.

"किती?" रंजिताने विचारलं.

"छत्तीस."

त्या दिवशी खुशाल चार वाजताच घरी गेला. डोकं दुखते म्हणाला.

रंजिता घाबरणाऱ्यातली नव्हती. वीस वर्षांच्या नोकरीत तिने किती मृतदेह स्वतःच्या हाताने पुसून, गुंडाळून नातेवाइकांच्या ताब्यात दिले होते. पण हे निराळं होतं. इथे घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, कोणी दिसत नव्हतं, कोणता आवाज येत नव्हता. फक्त रजा टाकल्यापासून जे जे आपल्या डोक्यातून निघतं म्हणून ती खूश होती, ते ते या घरात आधीच होऊन गेलेलं होतं.

मग तिने एक केलं. ओट्याचा दगड काळा ठरला होता. तो तिने रद्द केला. कोणालाच न सांगता ती यार्डात गेली आणि मुद्दाम कोणी घेणार नाही असा दगड शोधू लागली. मागच्या कुंपणाशी धुळीने माखलेली एक पाटी होती. पाणी मारल्यावर ती लालसर निघाली, कलेजीसारखी, अंगावर काळे ठिपके. यार्डवाला म्हणाला, "हे कोणी नेत नाई, मॅडम. दोन वर्षांपासून पडली हाय." रंजिता म्हणाली, "हेच पाठवा."

घरी आली तर खुशाल आणि त्याचा माणूस मागच्या अंगणात नळाखालचा कपडे धुवायचा दगड हलवत होते. तिथून सिंकचा पाइप न्यायचा होता. दोघांनी पहारीने दगड उलटा केला. खालची बाजू गुळगुळीत, पॉलिश केलेली. एका कडेला गोलाई, कोपऱ्यात गॅसच्या नळीसाठी पाडलेलं भोक. खुशालने हाताने माती पुसली आणि पाणी टाकलं.

लालसर. काळे ठिपके.

सात महिन्यांपासून रंजिता त्या दगडावर उभी राहून पाय धूत होती.

तिने लाल दगडाबद्दल खुशालला काही सांगितलं नाही. तो सहज म्हणाला, "अव्वल दगड व्हता जी. ओट्याचा असंन." ती हो म्हणाली आणि आत जाऊन बसली.  

आता एकच गोष्ट उरली होती, जी तिने कार्डावर, वहीत, कुठेच उतरवली नव्हती. वडनेरला आई खाली बसून चुलीवर स्वयंपाक करायची, आणि चुलीच्या उजव्या हाताला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, मिठाचा कोनाडा होता. ओट्याच्या जमान्यात तसा कोनाडा कोणी करत नाही. वाकावं लागतं. तरी रंजिताच्या मनात होतं, ओट्याखाली, शेगडीच्या उजवीकडे, एक ठेवायचाच.

दुपारी खुशाल सिमेंट आणायला गेला. घरात कोणी नव्हतं. रंजिता पश्चिमेच्या भिंतीशी उकिडवी बसली. पेशंटच्या छातीवर डावं बोट ठेवून उजव्याने ठोकतात, तशी ती भिंतीवर ठोकत गेली. भरीव. भरीव. भरीव. आणि मग गुडघ्याच्या उंचीला, उजव्या हाताला, आवाज बदलला.

छिन्नी तिथेच पडली होती. प्लास्टर सहज सुटलं. मागे आडव्या लावलेल्या चार विटा होत्या. त्या काढल्या तर आत वीतभर खोल, चौकोनी कोनाडा. रिकामा. जाळंसुद्धा नाही. फक्त तळाला पांढरं काहीतरी सांडून घट्ट झालं होतं. तिने ते नखाने खरवडून जिभेला लावलं. मीठ.

ती उठली आणि तिने मधुकररावांना फोन लावला.

"निळं ना? हो, हो, निळंच होतं," मधुकरराव मोकळेपणाने म्हणाले. "आमच्या हिले तो रंग एक दिवस नाई चालला. आणि ओटा इतका उंच की हिचा हात कढईपर्यंत पोचत नव्हता. तो तोडून तिकडं घेतला. दगड मागं टाकला. खाली एक खड्डा होता भिंतीत, त्यात पाली यायच्या, तो बुजवला. काऊन, काही प्रॉब्लेम झाला का?"

"नाई, सहज विचारलं. कोणी बांधलं होतं ते?"

"गुलाब मॅडमनं. मास्तरीण होत्या, एकट्या. हौसेनं घर बांधलं अन् दोन वर्षांत आमाले विकून केळझरला भावाकडे गेल्या. असतील अजून. पंचाहत्तरीच्या असतील."

रविवारी रंजिता बसने केळझरला गेली. टेकडीच्या खालच्या अंगाला, शेवटच्या घरांमध्ये, गुलाब मॅडमच्या भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात कोबीचा ढीग पडला होता. भाच्याची बायको मयुरी सेलूच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने आत पाहून आवाज दिला, "आत्या, कोणीतरी भेटाले आलं. सावंगीहून."

आतून एक ठेंगणी, हडकुळी म्हातारी बाहेर आली. चष्मा, पांढरं पातळ, पायात स्लिपर. रंजिताच्या खांद्यापर्यंत जेमतेम लागेल. तिने रंजिताला वरपासून खालपर्यंत पाहिलं, घाई न करता, जसं शिंपी पाहतो.

"उंच हायेस तू," ती म्हणाली. "बस."

रंजिताने पहिल्यापासून सगळं सांगितलं.  ऐकता ऐकता म्हातारी मेथीची पानं खुडत होती. मिठाच्या कोनाड्याचं आलं तेव्हा तिचे हात थांबले.

"तुम्ही कोणाचं पाहून केलं होतं का, मॅडम?" रंजिताने विचारलं. "कोणाच्या घरी पाह्यलं असंन?"

"मी कोणाचंच नाई पाह्यलं. मले वाटायचं, माहं मीच ठरवून राह्यली. एकटी बाई, स्वतःचं घर, लई आनंद होता." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "माही उंची पाह्यली ना तू? मग मिस्त्रीले मी छत्तीस इंच काऊन सांगतलं असंन? तो हसला होता माह्यावर. मी म्हटलं, नाई, छत्तीसच पाह्यजे. अन् मग दोन वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या केल्या. एकदा पाटावरून पडली, हात मोडला. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, हे माप माह्यासाठी नव्हतंच."

रंजिताने विचारलं नाही, मग कोणासाठी.  म्हातारीने पुन्हा एकदा तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"प्लॉट पडायच्या आधी तिथं वावर होतं," मग ती म्हणाली. "जवसाचं. पाया खोदला तं चार फुटांवर तीन दगड निघाले. चुलीचे, काळे झालेले. वावराच्या मधात चूल कायले असंन, सांग? तिथं कधी घर नव्हतं, जुन्या लोकायले विचारलं मी. अन् जागा कोणती, तं जिथं मी शेगडी काढली होती कागदावर. मिस्त्री म्हणे, शुभ हाय. मीही म्हटलं, असंन."

"तुम्हाले काही दिसलं कधी? त्रास झाला?"

"काहीच नाई. चांगलं स्वयंपाकघर होतं. हात पुढं केला की वस्तू हातात यायची. डोळे मिटून भाजी फोडणीले टाकली असती. पण बाई, रोज सकाळी उठून वाटायचं, आज काय करू? अन् जे मनात यायचं ते आधीच ठरल्यासारखं वाटायचं. भीती नाई वाटली. थकून गेली मी." मग आतल्या दाराकडे हात दाखवून ती म्हणाली, "इथं मयुरी रोज डबे हलवते. रोज मले मीठ शोधा लागते. बरं वाटते."

मयुरीने जुडी बांधता बांधता वर पाहिलं आणि तिला वाटलं, आपली तक्रार चालली आहे. "आत्या, कालच तं दाखवलं तुमाले, निळ्या झाकणाच्या डब्यात हाय," ती म्हणाली. म्हातारी हसली. निघताना तिने रंजिताला कोबीचे दोन गड्डे दिले. काय करावं, हे मात्र सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये रंजिताने बराच विचार केला. तिला वाटलं, होईना का तसंच. तीन दगडांपासून चालत आलं असेल तर असेल. माप आपलं आहे, रंग आपल्या आवडीचा आहे, पाठीला आराम आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेलं घेतलं, त्यात आणखी एकाची भर. निदान हे सुखाचं तरी आहे. सावंगीला उतरेपर्यंत तिचं मन निवांत झालं होतं.

घरी आली तर आचल उखडलेल्या स्वयंपाकघरात एकटी उभी होती. हातात मोबाइल होता, पण मोबाइलकडे लक्ष नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून उभी. आचलला स्वयंपाकात काडीचा रस नव्हता. चहासुद्धा आईने केलेला लागायचा.

"काय करतेस गं?"

"काही नाही." ती वळली नाही. "आई, तू शेगडी इथंच ठेवणार आहेस ना? इथंच ठेव."

"काऊन?"

"माहीत नाही. इथं उभं राह्यलं की बरं वाटते."

रंजिताच्या हातातली पिशवी खाली पडली आणि कोबीचा एक गड्डा घरंगळत सिमेंटच्या रेघेपर्यंत गेला. पोरीचा एक हात हवेत होता, कमरेच्या वर, कशावर तरी टेकवल्यासारखा. तिथे टेकवायला काहीच नव्हतं. रंजिताने तिचा तो हात धरला आणि तिला बाहेर आणलं. हात गरम होता, नुकताच तव्याजवळून काढल्यासारखा. तिने सवयीने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

सोमवारी सकाळी खुशाल आल्याबरोबर तिने त्याला अंगणातच थांबवलं.

"मिस्त्री, तुमच्या घरी स्वयंपाकघर कसं हाय?"

"आमचं? साधं हाय, मॅडम. पूर्वेले ओटा, काळा दगड. बायकोनं सांगतलं तसं केलं."

"तसंच इथं करा. जसंच्या तसं. रंग बी तोच, टाइल बी त्याच. मले काही विचारू नका, काही दाखवू नका. पश्चिमेची भिंत प्लास्टर करून सोडून द्या."

खुशालने खर्रा थुंकला आणि तिच्याकडे पाहिलं. "कोनाडा?"

"बुजवा. अन् लाल दगड यार्डातून येईन, तो परत पाठवा."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि त्याने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. रजेचे चार दिवस बाकी होते, तरी रंजिता त्याच दिवशी ड्युटीवर गेली. काम संपेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेली नाही. किशोर म्हणाला, "एवढे दिवस निवडलं, अन् आता मिस्त्रीच्या बायकोच्या आवडीचं?" तिने त्याला फक्त एवढंच सांगितलं की आपल्याला निवडायचा कंटाळा आला. त्याने विश्वास ठेवला नसावा, पण शब्द दिला होता, मध्ये बोलला नाही.

आता ते स्वयंपाकघर तयार आहे. टाइल सायीच्या रंगाच्या, त्यांवर द्राक्षं आणि सफरचंदं. ओटा तेहतीस इंच. रंजिताची पाठ पुन्हा दुखायला लागली आहे. हळदीचा डबा हाताला येत नाही, चमचे भलत्याच खणात असतात, आणि पोळ्या लाटताना ती वाकते. आचल स्वयंपाकघरात येत नाही. आली तर फ्रिज उघडून निघून जाते. रंजिताला ते बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली आहे, आणि ती तिने कोणाला सांगितलेली नाही. घरात बाया येतात. शेजारीण येते, नणंद येते, भांडी घासायला येणाऱ्या कमलाबाई येतात. बोलता बोलता त्या कोऱ्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहतात. खुर्ची इकडे, पंखा इकडे, पण उभ्या तिकडे. पुरुष कधी जात नाहीत. किशोरचे मित्र पाणी प्यायला आत येतात ते दारातूनच परत फिरतात.

मागच्या रविवारी तिच्या वॉर्डातली नलू सिस्टर जेवायला आली होती. ड्युटीच्या वेळापत्रकाचं गाऱ्हाणं सांगत होती. सांगता सांगता भिंतीपाशी गेली, तोंड भिंतीकडे झालं, आवाज हळू झाला. उजवा हात वर आला आणि हवेत हळूहळू गोल फिरू लागला, वरण ढवळताना फिरतो तसा.

रंजिताने गॅस बंद केला, जाऊन तिचं कोपर धरलं आणि तिला खुर्चीपर्यंत आणलं.

नलूने डोळ्यांची उघडझाप केली. "काय गं, मी काय सांगून राह्यली होती?"

"नाइट ड्युटीचं."

"हो. त्याचंच." ती भिंतीकडे वळून पाहत म्हणाली, "तुझं स्वयंपाकघर छान हाय, पण शेगडी तिकडं पाह्यजे होती."

"बस," रंजिता म्हणाली, आणि तिच्या ताटात भात वाढू लागली.